८ इंची टिनची फ्रूट केकची कृती ६ इंची टिनमध्ये कशी बसवायची?

सगळं साहित्य निम्म्याहून किंचित जास्त घ्या. ८ वरून ६ म्हणजे पाऊणपट असं वाटतं, पण इथे व्यास नाही, क्षेत्रफळ मोजायचं: ३६ भागिले ६४, म्हणजे साधारण ०.५६. हे दोन्ही टिन गोल आणि सारखेच खोल असतील तर. मूळ टिन चौकोनी असेल तर निम्म्यापेक्षाही कमी लागेल.

खरी पंचाईत अंड्यांची. चाराची होतात सव्वादोन! दोन अंडी पूर्ण घ्या, तिसरं फेटून त्यातलं टेबलस्पूनभर घाला, उरलेल्याचं ऑम्लेट. बेकिंग पावडर सपाट चमच्याने मोजा, अंदाजपंचे नको.

ओव्हनचं तापमान तेच ठेवा. वेळ मात्र निम्मा होत नाही, कारण केकची उंची तेवढीच राहते. मूळ कृतीत अडीच तास असतील तर पावणेदोन तासांनी बघायला लागा. वरून लवकर काळपटला तर बटर पेपर झाका. सुरी दोन ठिकाणी खुपसून पाहा, कारण एखादा मनुका मध्ये आला की शिजलेल्या केकमधूनही ती चिकट निघते.