बाळ पेटीत, बाळंतीण घरी

तुझं पत्र चार पानी आहे. नाव-गाव अर्थातच छापत नाही. तिसाव्या आठवड्यात बीपी एकदम चढलं, रातोरात सिझर झालं, मुलगी ११५० ग्रॅमची. सातव्या दिवशी तुला घरी सोडलं, ती एनआयसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच, काचेच्या उबदार पेटीत राहिली. आज बावीस दिवस झाले. ओल्या बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. नवरा रोज जातो, फोनवर व्हिडिओ काढून आणतो. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात: ‘ताई, व्हिडिओ बघून मला काहीच वाटत नाही. मी खरंच आई आहे का?’

अगं, भूल उतरायच्या आत लेक दुसऱ्या मजल्यावर गेली. तू घरी आलीस ती टाके आणि रिकामी ओटी घेऊन. पाचवी पुजली नाही, पेढे वाटले नाहीत, ‘कुणावर गेलीय गं’ म्हणत शेजारीण डोकावली नाही. एवढ्या धक्क्याने मन बधिर होतं. माया आटली म्हणून तसं होत नाही. फोनवर दिसतात त्या नळ्या, टोपी आणि आकडे. त्यातून कुणाला पान्हा फुटणार?

माझ्या भाचीचं बाळ चौतीस दिवस पेटीत होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी तिच्या सोबतीला बसायचे. तिथल्या बाळांना नावं नसतात. घोट्याला पट्टी असते, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. दुधाच्या वाटीवरही चिकटपट्टी लावून तेच. तुझ्या लेकीच्या पायालाही बावीस दिवस तुझंच नाव आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: तू उद्या जा. सासूबाईंशी भांडून नको. सव्वा महिन्याची रीत बाळ-बाळंतिणीला विसावा मिळावा, बाहेरचा संसर्ग घरात येऊ नये म्हणून पडली. पण इथे बाळच घराबाहेर आहे. त्यांनाच सोबत घेऊन जा आणि बाळाला आई जवळ हवी, हे नर्सबाईंच्या तोंडून ऐकू दे. शेगडी, डिंकाचे लाडू, दुपारची झोप, सगळं आल्यावर होऊ दे.

तिथे गेलीस की कांगारू केअरचं विचार. बाळाला फक्त लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवतात, वरून कापड गुंडाळतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एदगार रे यांनी ही पद्धत सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत मोठा अभ्यास झाला, आपल्या दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात होतं. एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. तुझी लेक त्याच वजनातली. तिला कधी छातीशी घ्यायचं ते डॉक्टर सांगतील, पण विचारणारी तू हवीस.

ते ‘अजून थांबा’ म्हणाले, तर हात धुऊन पेटीच्या खिडकीतून आत घाल. कुरवाळू नकोस, थोपटू नकोस. इतक्या लहान जिवाला तेही फार होतं. एक तळवा डोक्यावर, दुसरा पावलांपाशी, आणि तसाच स्थिर ठेव. भाचीने पहिल्यांदा असं केलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. थोड्या वेळाने बाळाची ताणलेली बोटं सैल झाली. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. रडू आलं ते घरी, रात्री, भाकरी थापताना.

दुधाचं लिहिलंस, ‘चमचाभरच निघतं.’ तेवढं नळीतून जाऊ दे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही एकदा उठून काढत राहा. तरी कमी पडलं, तर दूधपेढी आहे का विचार. मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ पासून ती चालते. दुसऱ्या आईचं दूध घेण्यात कसला कमीपणा?

आता तुझ्याबद्दल. तुझं बीपी कुणी बघतंय का? बाळंतपणानंतरही काही आठवडे ते चढू शकतं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. आणि मनाचं: बाळंतपणानंतरचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. तुला तीन आठवडे होऊन गेले, म्हणून हे बधिरपण तुझ्या डॉक्टरांना याच शब्दांत सांग. लागलं तर औषध देतील, अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात. निवांतपणा मिळूनही डोळा लागत नसेल, ‘माझ्याशिवाय हिचं बरं होईल’ किंवा ‘आपण नसलेलंच बरं’ असं मनात येत असेल, तर सकाळची वाट बघू नकोस. नवऱ्याला उठव. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नवऱ्याला एक निरोप: उद्या फोन खिशात ठेव, आणि तिला गाडीतून सावकाश ने. टाके ओले आहेत.

लेकीचं वजन मला कळव. तुझं बीपीही.

तुझी ताई