गॉगल राहू द्या, आधी कार्डाचं स्टेटमेंट काढा

तुमचं पत्र थोडक्यात असं: सत्तरच्या दशकातला सोनेरी रे-बॅन एव्हिएटर घेऊ की जुना काळा वेफेरर? किंमत पगाराच्या पाव हिश्श्याएवढी. विक्रेता म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट होईल. पैसे क्रेडिट कार्डावर, 'नेहमीसारखं मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, 'भरत जाईन'. आणि शेवटी, जाता जाता: कार्डावर दोन पगारांची थकबाकी आहे, 'पण बचतीची पॉलिसी चालू आहे'.

गॉगलकडे नंतर येतो.

पगार १०० धरा. थकबाकी २००. दर तुम्हीच कळवलाय, महिना ३ टक्के. म्हणजे व्याज ६. मिनिमम म्हणून तुम्ही १० भरता, त्यातले ६ व्याजातच जिरतात. गॉगल २५ चा. म्हणजे दर चार महिन्यांना एक विंटेज गॉगल तुम्ही बँकेला घेऊन देताय! थकबाकी घटेल तसा मिनिममही घटतो, म्हणून या चालीनं ती निम्मी व्हायलाच जवळपास तीन वर्षं लागतील. शिवाय थकबाकी असली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

आता ती पॉलिसी. महिना १५, वीस वर्षं, शेवटी भरलेल्याच्या 'दुप्पट'. दुप्पट म्हटलं की लोक कॅल्क्युलेटर खाली ठेवतात. हा परतावा वर्षाला जेमतेम साडेसहा टक्के पडतो. तिकडे कार्ड ३६ टक्के खातंय. विमा तरी भरपूर असावा, तर तोही दीड वर्षाच्या पगाराएवढा. विकणाऱ्याला कमिशन मिळालं, तुम्हाला 'बचत' हा शब्द मिळाला.

घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर आधी साधा टर्म विमा घ्या, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा. तो हातात आल्यावर, त्याआधी नाही, कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर किती. तीनच वर्षं झालीत, आकडा बघून वाईट वाटेल. वाटू द्या. सुटलेला हप्ता कार्डाकडे वळवा. १० चे साधारण २५ झाले की थकबाकी दहा महिन्यांत संपते. तोवर कार्ड कपाटात.

विक्रेत्याचं 'दुप्पट' खरं धरलं तरी पाच वर्षांनी हातात ५०. कार्डावरचे २५ तसेच राहिले तर तेवढ्यात १४५ च्या वर जातात. आणि वापरून ओरखडे पडलेला गॉगल ५० ला घेणार कोण, हे त्यानं सांगितलेलं नाही.

आता गॉगल. तुम्ही लिहिलंय, 'एव्हिएटरच्या काचेवर आरबी कोरलंय, म्हणजे अस्सलच.' रे-बॅनची मूळ कंपनी बॉश अँड लॉम्ब. तिनं हा ब्रँड १९९९ साली लक्झॉटिका या कंपनीला विकला. बॉश अँड लॉम्बच्या काळातल्या काचेवर बिजागरीजवळ बारीक 'बीएल' असतं, 'आरबी' नंतरचं. तेव्हा एकतर काच बदललेली आहे, नाहीतर जोडच सत्तरचा नाही. विक्रेत्याला एवढंच विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका.

म्हणजे एव्हिएटर बाद. वेफेरर दहा महिन्यांनी, रोखीनं. फ्रेमवर दोन आकडे असतात, पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, मिलिमीटरमध्ये. ते तुमच्या आत्ताच्या चष्म्याशी जुळवा. घेतल्यावर चष्मेवाल्याकडे काच यूव्ही मीटरखाली धरून बघा. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, त्यात काच यूव्ही अडवत नसेल तर नुसत्या डोळ्यांपेक्षा वाईट.