रॉक अँड रोल एक्सप्रेसला सर्वांत मोठ्या टॅग टीममध्ये का गणतात?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत रॉक अँड रोल एक्सप्रेस या नावाने लढणारे रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन अंगाने बेताचे, डाव मोजके, दंडाला-मांडीला रंगीत रुमाल बांधलेले दोन पोरगेले गडी. मग टॅग टीमचा, म्हणजे जोडीने लढणाऱ्यांचा, विषय निघाला की जाणकार आधी त्यांचंच नाव का घेतात आणि त्यांची कारकीर्द नेमकी कशी झाली?

माझ्या मते कारण एकच. टॅग टीमचा सामना कसा रचायचा हे या दोघांइतकं चोख कोणीच करून दाखवलेलं नाही. रचना त्यांच्या आधीपासून होती. पण मार कोणी खायचा, किती वेळ खायचा आणि तेवढा वेळ बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराने काय करायचं, या तीन गोष्टींचं माप त्यांनी घालून दिलं. अमेरिकेत आजही टॅग सामन्यात मार खाणाऱ्याच्या भूमिकेला मॉर्टनच्याच नावाने ओळखतात.

आधी कारकीर्द. १९८३ मध्ये मेम्फिसला ही जोडी जमली. तिथे फॅब्युलस वन्स ही देखणी जोडी तुफान चालत होती, त्याच धर्तीवर दुसरी जोडी हवी होती म्हणून या दोघांना एकत्र आणलं. मॉर्टनचे वडील याच धंद्यातले, त्यामुळे रिंग त्याला लहानपणापासून ठाऊक. खरं नाव झालं ते १९८४ मध्ये, बिल वॉट्सच्या मिड-साउथ कंपनीत. समोर होती मिडनाइट एक्सप्रेस, म्हणजे बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री, सोबत टेनिसची रॅकेट घेऊन किंचाळणारा मॅनेजर जिम कॉर्नेट. या चौघांनी लुइझियाना-ओक्लाहोमाच्या गावागावांत एकमेकांविरुद्ध इतके सामने केले की पुढे कुठेही गेले तरी हे भांडण आयतं तयार असायचं.

जुलै १९८५ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनातल्या जिम क्रॉकेटच्या कंपनीत आले आणि लगेच इव्हान कोलोफ व क्रशर क्रुशेव्ह यांच्याकडून एनडब्ल्यूए या कुस्ती कंपन्यांच्या संघटनेचे जागतिक टॅग विजेतेपदाचे पट्टे जिंकले. ऑक्टोबरमध्ये पट्टे गेले, नोव्हेंबरमध्ये स्टारकेड या क्रॉकेटच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, पिंजऱ्यातल्या (रिंगभोवती लोखंडी जाळी लावलेल्या) सामन्यात परत आले. फेब्रुवारी १९८६ मध्ये मिडनाइट एक्सप्रेसने घेतले, ऑगस्टमध्ये पुन्हा यांच्याकडे. दर काही महिन्यांनी पट्टे हरणं-जिंकणं हे धोरणच होतं. सतत जिंकणाऱ्या जोडीने मार खाल्ला तर प्रेक्षक घाबरत नाहीत. ही जोडी खरोखर हरायची, म्हणून प्रत्येक वेळी लोकांच्या पोटात गोळा यायचा.

आता मुख्य गोष्ट, सामना. निकाल आधी ठरलेला असतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आपल्याकडे मातीत जोडीची कुस्ती नसते, म्हणून नियम सांगतो. रिंगमध्ये एका वेळी प्रत्येक जोडीचा एकच जण. दुसरा दोरांबाहेरच्या कडेवर, आपल्या कोपऱ्यात, खांबाला बांधलेली छोटी दोरी धरून उभा. हाताला हात लागला की बदल, आणि तो रेफरीने पाहिला पाहिजे. बदल झाल्यावर जुन्याने पाच मोजेपर्यंत बाहेर जायचं. अख्खा सामना या साध्या नियमांच्या फटीतून उभा राहतो.

साधारण वीस मिनिटांचा सामना धरा. पहिली पाच-सहा मिनिटं नायक जोडीची. भराभर बदल, ड्रॉपकिक (उडी घेऊन दोन्ही पायांनी मारलेली लाथ), हाताची मुरगळ, खलनायक एकमेकांवर आदळतात, मॅनेजर वैतागतो. हा भाग लोक हलका समजतात, पण तो नीट झाला नाही तर पुढचं काहीच चालत नाही. नायक जिंकताना किती सुंदर दिसतात हे आधी दिसलं तरच ते हिरावल्याचं दुःख होतं.

मग एक लबाडी होते. दोरांपाशी आलेल्या मॉर्टनला बाहेरच्याने पाठीत गुडघा मारला, किंवा रेफरी पाठमोरा असताना कॉर्नेटची रॅकेट बसली. इथून पुढची आठ-दहा मिनिटं मॉर्टन मार खातो. खलनायक त्याला आपल्या कोपऱ्याजवळच ठेवतात आणि रिंग जणू अर्धी कापून टाकतात. गिब्सनचा कोपरा समोरच्या टोकाला, म्हणजे मॉर्टनला पूर्ण कर्ण ओलांडायचा असतो.

इथे मॉर्टनचं कसब बघा. तो नुसता पडून राहत नाही. केस तोंडावर आलेले, कोपरावर भार देऊन वीतभर सरकतो, मान वर करून गिब्सन कुठे आहे ते शोधतो, हात लांब करतो, आणि मग पाय मागे खेचला जातो. दर मिनिट-दीड मिनिटाला तो एक प्रतिकार करतो. अचानक गुंडाळून पिन (रेफरी तीन मोजेपर्यंत खांदे टेकवून जिंकणं), नाहीतर डोक्यावरून उडी मारून मागून ओढलेला सनसेट फ्लिप. रेफरी दोनपर्यंत मोजतो, लोक उभे राहतात, आणि तो प्रतिकार मोडला जातो. त्यातली खुबी अशी की प्रत्येक आशा वेगळ्या कारणाने मेली पाहिजे. एकदा केस ओढून, एकदा रेफरीचं लक्ष वळवून, एकदा मॉर्टनचीच ताकद संपून. एकाच पद्धतीने दोनदा मोडली की प्रेक्षकाला शिवण दिसते.

गिब्सनचं काम याहून अवघड आहे असं मला वाटतं, आणि त्याची वाखाणणी फार कमी होते. तो बाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो, पाय आपटतो, दोरीच्या पूर्ण टोकापर्यंत वाकतो. त्याला राग येतो आणि तो आत घुसतो. रेफरी त्याला अडवायला वळतो, आणि पाठीमागे दोघे मिळून मॉर्टनला आणखी बडवतात. म्हणजे साथीदाराला वाचवायला केलेली धावच त्याला महागात पडते. ही युक्ती एका सामन्यात एकदा, फार तर दोनदा चालते. तिसऱ्यांदा केली तर गिब्सन मूर्ख दिसतो आणि लोकांची सहानुभूती पातळ होते.

त्यानंतर खोटा बदल. हाताला हात लागतो, सभागृह फुटतं, पण रेफरी त्या वेळी दुसऱ्या खलनायकाशी हुज्जत घालत असतो. तो गिब्सनला परत बाहेर पाठवतो. आता लोक रेफरीवर चिडलेले असतात, हातापायांना कंप असतो, आणि एक-दोन मिनिटांत खरा बदल द्यायचा असतो. याला हॉट टॅग म्हणतात. फार उशीर केला तर लोक थकून खाली बसतात.

गिब्सन आत आला की मिनिटभर श्वास घ्यायला जागा नाही. याला ठोसा, त्याला ठोसा, दोघांची डोकी एकमेकांवर, एकाला पाठीवरून उधळणं, ड्रॉपकिक. मग चौघेही आत, रेफरीचं नियंत्रण सुटतं आणि त्या गोंधळात शेवट. त्यांचा ठरलेला डाव म्हणजे जोडीने मारलेली ड्रॉपकिक. दोघांनी एकाच क्षणी उडी घ्यायची आणि चारही तळवे छाती-खांद्यावर सपाट टेकवायचे. एकाची उडी अर्ध्या क्षणाने मागे पडली तर समोरचा पहिल्या लाथेला पडू की दुसऱ्या, या घोळात अडकतो आणि सगळं खोटं दिसतं.

नवशिक्या जोड्या कुठे चुकतात हेही यावरून कळतं. दोघेही थोडा थोडा मार खातात, त्यामुळे कोणाचीच काळजी वाटत नाही. बाहेरचा हाताची घडी घालून उभा राहतो. मार रिंगच्या मधोमध चालतो, त्यामुळे अंतराचा प्रश्नच उरत नाही. सर्वांत वाईट म्हणजे मार खाणारा सहज उठून, चालत जाऊन टाळी देतो.

मॉर्टनवर लोकांचा जीव किती होता ते १९८६ मध्ये दिसलं. जगज्जेता रिक फ्लेअरने ड्रेसिंग रूममध्ये त्याचं तोंड फरशीवर घासलं, अशी कथा रचली गेली. मॉर्टन नाकाला संरक्षक मुखवटा लावून लढायला आला. ५ जुलैला शार्लटच्या मैदानावर पिंजऱ्यात दोघांचा सामना झाला. मॉर्टन हरला, पण टॅग टीममधल्या लहान चणीच्या माणसाने जगज्जेत्यासमोर मैदान धरून दाखवलं.

१९८७ मध्ये पट्टे एकदा चमत्कारिक रीतीने मिळाले. जेते रिक रूड आणि मॅनी फर्नांडिस. रूड अचानक डब्ल्यूडब्ल्यूएफ या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, तेव्हा आधी चित्रित केलेला एक साधा सामना पट्ट्यांचा म्हणून दाखवला. पुढे उतार लागला. १९९१ मध्ये, गिब्सन गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत असताना, मॉर्टनला सूटबूट चढवून खलनायक केलं आणि गिब्सनविरुद्ध उभं केलं. हा निर्णय चुकीचाच होता. ज्याला मार खाताना बघून लोक कळवळतात त्याच्या हातून मार देववणं म्हणजे हातातलं हत्यार फेकून देणं. १९९२ पासून कॉर्नेटच्याच स्मोकी माउंटन कंपनीत, टेनेसीत, ते पुन्हा एकत्र आले आणि हेवन्ली बॉडीजविरुद्ध अतिशय चांगले सामने दिले.

आपल्याकडे नव्वदीत केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसायचं, आणि हे दोघे त्या काळात तिथे अगदी थोडा वेळ होते. म्हणून लीजन ऑफ डूमसारख्या जोड्या आपल्याला पाठ आणि हे अनोळखी. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने (म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने) त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला उभा राहिला जिम कॉर्नेट. २०१९ मध्ये त्यांनी एनडब्ल्यूएचे टॅग पट्टे पुन्हा जिंकले, तेव्हा मॉर्टन त्रेसष्ट वर्षांचा होता.

बघायला सुरुवात करायची तर फेब्रुवारी १९९० च्या रेसलवॉर या कार्यक्रमातला सामना घ्या. समोर मिडनाइट एक्सप्रेसच, पण कॉन्ड्रीच्या जागी स्टॅन लेन. पहिल्यांदा सामना सरळ बघा. दुसऱ्यांदा रिंगच्या आतल्यांकडे लक्ष देऊ नका, नजर फक्त कडेवर उभ्या असलेल्या साथीदारावर ठेवा आणि तो कधी, कशासाठी हलतो ते टिपून ठेवा. मग स्टारकेड १९८५ चा पिंजऱ्यातला सामना बघा.