प्रोटीन कोणाचं, ते आधी विचार

पोरी,

तुझी एक्सेल पाहिली. लठ्ठ पेशंटच्या पोटातल्या चरबीत सुजेची प्रोटीनं वाढलेली दिसली अन् तू खाली लिहून मोकळी झाली की चरबीच्या पेशीच सूज पसरवतात. अगं, पण प्रोटीन कोणाचं? चरबीच्या तुकड्यात मॅक्रोफेज म्हणजे सुजेत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, रक्त तर असतंच, अन् चरबीपेशीत बहुतेक तेलच भरलेलं, प्रोटीन जरासं, त्यामुळे प्रोटीन मोजायच्या मशीनमध्ये रक्तातले अल्ब्युमिन अन् हिमोग्लोबिनच मिरवतात. लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज वाढतात हे 2003 पासून माहीत आहे. मग तुझं प्रोटीन पेशीनं जास्त बनवलं, का त्या पेशीच जास्त आल्या? ट्रिप्सिननं, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमनं, सगळ्यांच्या प्रोटीनचे एकत्र तुकडे केल्यावर ते मशीन, मास स्पेक, ते नाही सांगत बाप्पा.

कोलॅजिनेज लाव, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारं जाळं तोडणारं एन्झाइम, पेशी सुट्या कर. वर तरंगतात त्या चरबीच्या, बाकीच्या खाली बसतात, रॉडबेल नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1964 मध्येच करून दाखवलंय. तेलाच्या थेंबाभोवतीचं प्रोटीन पेरिलिपिन वरच्या थरात भरपूर अन् खाली नावालाच असलं तर वेगळं झालं समज. पण तुकडा ताजा पाहिजे. आमच्या वेळी वर्ध्याकडच्या गावांतल्या बायाबापड्यांनी विश्वासानं दिलेली चरबी वरच्या साहेबांनी सरळ गोठवायला लावली, मी भांडलो, कोणी ऐकलं नाही, अन् गोठलेल्या चरबीतून पेशी सुट्या होत नाहीत. ते सॅम्पल आठवले की अजून जीव जळतो. नंतर मी ताज्याशिवाय हात लावला नाही, पेपर कमी झाले, लोक म्हणाले हा फार हळू आहे. हो, हळू होतो, पण प्रोटीन कोणाचं ते सांगता येत होतं, अन् मला आजही तेच बरोबर वाटतं.

अन् गावातले म्हणतात ना, मेळघाटात लेकरं कुपोषित अन् ही चरबीवर काय शिकते, त्यानं रडू नको. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचा अन् लंडनच्या युडकिनचा फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के, युडकिनच्या 9.1. आपल्याकडची कमी वजनाची बाळंसुद्धा हातपाय काडीसारखे अन् चरबी मात्र राखून जन्मतात. म्हणजे हा विषय आपल्याच घरातला आहे. अ‍ॅडिपोनेक्टिन हे प्रोटीन बघ, बनवते चरबीपेशीच, अन् लठ्ठपणात तेच रक्तात कमी होतं. इथं कोणाचं ते पक्कं आहे, म्हणून त्यावर बोलता येतं. तुझ्या यादीवर अजून नाही.

पेपरची घाई करणाऱ्या सरांना माझं नाव सांग. सोमवारी सर्जनला विचार, ऑपरेशन झाल्या झाल्या तुकडा हातात मिळेल का. नाही म्हणाले तर तिथूनच मला फोन लाव, मी बोलतो.