भट्टीतून निघालेला पाइन : वाचकांचे प्रश्न

बाल्कनीसाठी 'थर्मो पाइन'च्या फळ्या बघितल्या. कुठलंही रसायन न लावता नुसत्या उष्णतेने लाकूड पाण्याला टिकाऊ होतं, असं विक्रेता म्हणतो. खरं आहे का?

खरं आहे. फिनलंडमध्ये रुळलेल्या पद्धतीत पाइन वाफेच्या भट्टीत साधारण 185 ते 215 अंश सेल्सियसवर दोन-तीन तास ठेवतात. वाफेमुळे आत ऑक्सिजन फारसा उरत नाही, म्हणून लाकूड पेट घेत नाही.

लाकडात मुख्यतः सेल्युलोज (मजबुती देणारे तंतू), हेमिसेल्युलोज (त्या तंतूंमधल्या शर्करांच्या आखूड साखळ्या) आणि लिग्निन (सगळं बांधून ठेवणारा घटक) असतं. उष्णतेपुढे आधी हार मानतं ते हेमिसेल्युलोज. त्याच्या साखळीवरचे अ‍ॅसिटिल नावाचे छोटे अणुगट सुटतात आणि अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. गंमत अशी की हे आम्ल पुढे उरलेल्या साखळ्याही तोडू लागतं; लाकूड स्वतःच स्वतःवर प्रक्रिया करत राहतं. पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट मुख्यतः इथेच घटतात. म्हणून जास्त तापमानाला तयार केलेला माल त्याच दमट हवेत साध्या पाइनच्या जवळजवळ निम्मीच ओल धरतो. फुगणं, आकसणं, वाकणं त्या मानाने कमी. बुरशीचंही सोपं खाद्य गेलेलं असतं.

सेल्युलोजचा स्फटिकी भाग बराचसा शाबूत राहतो. लिग्निनची टक्केवारी वाढलेली दिसते, पण ती बाकीचं घटल्यामुळे. त्याचे काही बंध तुटतात, तुटलेले तुकडे पुन्हा नव्या तऱ्हेने जुळतात.

माझ्याकडे 'एचटी' शिक्क्याची पॅलेट्स (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आहेत. तीही हीट ट्रीटेडच ना? बागेतलं बाकडं करू का?

करा, पण थर्मो पाइन समजून करू नका. तो शिक्का लाकडी पॅकिंगबद्दलच्या आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय नियमाचा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश, सलग 30 मिनिटं, एवढंच. कीड मरते, पण लाकडाची रासायनिक घडण जवळपास होती तशीच राहते. पावसात ते साध्या पाइनसारखंच वागेल. 'एमबी' शिक्का दिसला तर मात्र ते पॅलेट घेऊच नका. त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते.

नव्या फळ्यांना धुरकट, आंबूस वास येतोय. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डागही पडलेत.

वास त्या अ‍ॅसिटिक आम्लाचा आणि हेमिसेल्युलोजमधल्या शर्करांपासून झालेल्या फरफ्युरलसारख्या पदार्थांचा. हवेशीर जागी ठेवलंत की ओसरतो. पाइनचा ओळखीचा टर्पेंटाइनचा वास मात्र येणार नाही, कारण पाइनीनसारखे उडणारे घटक भट्टीतच निघून जातात. राळही बरीचशी जाते, त्यामुळे गाठींतून चिकट थेंब ठिबकण्याचा त्रास कमी होतो.

डाग सुताराच्या घाईचे आहेत. हे लाकूड साध्या पाइनपेक्षा जास्त आम्लधर्मी असतं, लोखंड त्यात लवकर गंजतं. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, तेही आधी ड्रिलने भोक पाडून, नाहीतर टोकाला फळी चिरते. पाण्यावर आधारलेला पांढरा गोंद वापरणार असाल तर क्लॅम्प जास्त वेळ ठेवा. लाकूड पाणीच कमी शोषतं, तर गोंद सुकणार कसा?

तपकिरी रंग कायम राहतो का?

नाही. रंग आतपर्यंत असतो, तरी उन्हातली अतिनील किरणं पृष्ठभागाचं लिग्निन तोडतात आणि फळी राखाडी पडते. रंगद्रव्य असलेलं तेल लावत राहा. पारदर्शक तेलाचा फारसा उपयोग नाही.

कोकणातल्या घराच्या पडवीला याच लाकडाचे खांब जमिनीत पुरायचे म्हणतोय.

नको. हेमिसेल्युलोज गेलं की लाकूड ठिसूळ होतं. जास्त तापमानाच्या मालाची वाकताना टिकण्याची ताकद 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते. भार पेलणाऱ्या खांबाला, तुळईला ते चालणार नाही. शिवाय मातीशी कायम संपर्क आला की बुरशीविरुद्धचा टिकाऊपणाही पुरत नाही, आणि वाळवीच्या बाबतीत तर या लाकडावर विसंबूच नका. पडवीला आतून फळ्या मारायच्या असतील, तर खुशाल वापरा.