ऑलिव्हच्या डोंगरात सायकल: मे नको, आणि मुक्काम दोनच ठेवा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि वहिनी, दोघंही पन्नाशीच्या पुढचे. पुण्यात दर रविवारी साठ-सत्तर किमी चालवता, सिंहगड आणि ताम्हिणी झालेले आहेत. मे महिन्यात आठ दिवस दक्षिण स्पेनमध्ये रोड सायकल चालवायची आहे. डोंगर हवेत, ऑलिव्हच्या बागा हव्यात, गाड्यांची वर्दळ नको. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की वहिनींना उन्हाळ्याच्या तोंडावर दम्याचा पंप लागतो.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. मे नको.

ऑलिव्हला मोहोर येतो तो मेमध्ये, डोंगरात वरच्या अंगाला जूनपर्यंत. फूल बारीक, पांढरट, दिसायला काहीच नाही, पण पराग वाऱ्यावर उडतो आणि तो अतोनात असतो. एकट्या खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. हवेतल्या ऑलिव्ह-परागाच्या बाबतीत जगातल्या सर्वात वरच्या भागांत त्याचा नंबर लागतो. त्या दिवसांत तिथली धडधाकट माणसंही डोळे चोळत फिरतात. दम्याच्या माणसाने अशा हवेत चढावर धापा टाकायच्या, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलाच, पण तारखा बदलता येत असतील तर बदला.

मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. एप्रिलमध्ये झाडांखाली रानफुलं असतात, कडेला गवत हिरवं असतं. ऑक्टोबरमध्ये फळ झाडावर भरलेलं असतं आणि वेचणी जोरात सुरू व्हायची असते. वसंतात जाणार असाल तर ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा. त्या आठवड्यात गावोगाव मिरवणुका असतात. बाएना गावात तर ढोलांचा असा गजर चालतो की तसल्या ढोलवादनाच्या परंपरेला युनेस्कोने 2018 साली वारसा म्हणून मान्यता दिली. बघण्यासारखं आहे, पण खोल्या मिळत नाहीत आणि रस्त्यांवर गाड्या वाढतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेचणीचा हंगाम. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, शेतातून चाकाला लागून आलेली माती, वर सांडून चिरडलेली फळं. ओल्या सकाळी अशा डांबरावर वळण घेणं धोक्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि ऑलिव्हच्या मुलखात रस्त्यावर सावली नसते. झाडं बुटकी, ओळीत, रस्त्यापासून आत. हे आपल्या घाटातल्या वडा-जांभळांसारखं नाही.

आता कुठे. बहुतेक जण खाएन सुचवतील, कारण ऑलिव्ह म्हटलं की तेच नाव येतं. मी तुम्हाला शेजारच्या कोर्दोबा प्रांतातली सिएर्रा सुब्बेतिका सुचवते. मी गेली अकरा वर्षं माद्रिदला राहते, दोन्हीकडे पुष्कळदा चालवली आहे. खाएनमध्ये क्षितिजापर्यंत टेकडीमागून टेकडी ऑलिव्ह आणि फक्त ऑलिव्ह. पहिला दिवस भारावून टाकणारा असतो, तिसऱ्या दिवशी मन थकतं. शिवाय दोन गावांमधलं अंतर बरंच. सुब्बेतिकात चुनखडीचे उघडे करडे कडे आहेत, त्यांच्या पायथ्याशी बागा, आणि बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा किमीवर एखादं पांढरं गाव. तुमच्या दोघांसाठी ते अंतर महत्त्वाचं. पाणी मिळतं, कॉफी मिळते, आणि एखाद्या दिवशी श्वास जड वाटला तर तिथूनच परत फिरता येतं.

मुक्काम दोनच ठेवा, चार रात्री सुएरोसला आणि चार रात्री प्रिएगोला. रोज बॅगा बांधून पुढच्या गावी जाण्यात निम्मं लक्ष सामानात राहतं. (नकाशावर Zuheros असं शोधा. लक्षात ठेवा, स्पॅनिशमध्ये एच मुका असतो आणि या भागात झेडचा उच्चार बऱ्याचदा स होतो. म्हणून सुएरोस.)

सुएरोस म्हणजे कड्याला चिकटलेलं जेमतेम सहा-सातशे वस्तीचं गाव. गावामागून वटवाघळांच्या गुहेकडे चार किमीचा रस्ता चढतो आणि तेवढ्यात जवळजवळ तीनशे मीटर उंची गाठतो. पहिल्या संध्याकाळी हाच करा. सिंहगड चढलेल्यांना तो जमेल, आणि वरून तुम्हाला पुढच्या चार दिवसांचा सगळा मुलूख एका नजरेत दिसेल: खाली बाएनाकडे पसरत गेलेल्या ऑलिव्हच्या ओळी, मागे डोंगर.

गावाखालून जुना रेल्वेमार्ग जातो. लिनारेस ते पुएन्ते खेनिल अशी ही लाइन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. लोक तिला तेलाची गाडीच म्हणायचे, कारण घाण्यांवरचं तेल याच मार्गाने जायचं. 1985 साली ती बंद झाली आणि पुढे रूळ काढून सायकलस्वारांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी वाट केली. खाएन शहर ते पुएन्ते खेनिल सुमारे 128 किमी. लोखंडी पूल, बोगदे, आणि चढ रेल्वेला झेपेल इतकाच, म्हणजे अगदी सौम्य. तुम्ही विचारलंय की संपूर्ण सहलच या वाटेवर केली तर? माझं मत, नको. बराचसा भाग दाबलेल्या बारीक खडी-मातीचा आहे. कोरड्या दिवशी 28-32 मिमी टायरवर चालतो, पण दिवसभर त्याच्यावर रोड सायकल चालवली की हात आणि मान बोलायला लागतात. आणि रेल्वेचा मार्ग डोंगराला वळसा घालतो. तुम्हाला तर डोंगर हवाय. हिचा उपयोग गजबजलेले रस्ते चुकवायला करा.

उदाहरणार्थ माझा सर्वात आवडता दिवस. सुएरोसहून छोट्या रस्त्याने पाचेक किमीवर दोन्या मेन्सिया. तिथून काब्राला जाणारा मोठा रस्ता, ए-318, वर्दळीचा आहे, तो सोडा आणि रेल्वेवाटेने काब्रात उतरा. काब्राहून ए-339 प्रिएगोच्या दिशेने चढायला लागतो. थोड्या गाड्या असतात, पण घाट लांब, एकसारख्या चढाचा, दम टिकवून चढता येतो. वर डाव्या हाताला फाटा फुटतो तो व्हिर्खेन दे ला सिएर्राच्या देवळाकडे. फाट्यापासून सहा-सात किमी, उंची 1,217 मीटर. इथे ऑलिव्ह मागे पडतो, नुसता खडक, झिजून भेगा पडलेला चुनखडी, मेंढ्यांच्या घंटा. गाडी क्वचितच येते. वर देवळाच्या अंगणातून अर्धं आंदालुसिया, म्हणजे दक्षिण स्पेनचा हा सगळा मुलूख, दिसतं. मी तिथे पहिल्यांदा पोचले तेव्हा बराच वेळ बोललेच नाही. वारा मात्र जबरदस्त असतो, विंडचीटर पाठीच्या खिशात हवाच.

प्रिएगोच्या मुक्कामातून रोज वेगळ्या दिशेला जाता येतं. आल्मेदिनिया, फुएन्ते-तोखार, कास्तिल दे काम्पोस ही पूर्वेकडची आणि ईशान्येची छोटी गावं, चढ-उतार सतत, वर्दळ नावापुरती. साग्रियाकडे अर्ध्या दिवसाची फेरी. दक्षिणेला इस्नाखार, मोठ्या जलाशयावर सुळक्यासारखं उभं असलेलं गाव. ही लांबची रपेट, तब्येत चांगली असेल त्या दिवशी. संध्याकाळी प्रिएगोतल्या फुएन्ते देल रेय या कारंज्यावर जाऊन बसा. 139 तोट्यांतून पाणी पडत असतं.

खाएनच्या बाजूला जायचंच असेल तर एक दिवस सिएर्रा माखिनासाठी काढा, सायकली गाडीत घालून. खिमेना, अल्बांचेस, मधली खिंड, तोर्रेस आणि परत खिमेना. पस्तीस-चाळीस किमीच, पण खिंड 1,200 मीटरच्या वर आहे आणि अल्बांचेसकडून चढ कडक. मागे 2,167 मीटरचं माखिना शिखर. खाएनमधलाच कासोर्लाचा डोंगर सुंदर आहे, पण तिथे आत गेलं की पाइनचं जंगल. तुमच्या विषयात बसत नाही.

शांत रस्ता ओळखायची खूण सांगते, ही फार कामाची आहे. पाटीचा रंग बघा. निळी म्हणजे महामार्ग, लाल म्हणजे राष्ट्रीय रस्ता, नारिंगी म्हणजे प्रांतांना जोडणारा, हिरवी त्याखालचा, पिवळी म्हणजे गावरस्ता. पिवळी आणि हिरवी तुमची. गोंधळ असा होतो की ए-44 हा महामार्ग आणि ए-339 हा साधा रस्ता, दोघांनाही ‘ए’च लावतात. एक-दोन आकडे आणि निळी पाटी दिसली की तिकडे वळूच नका. एन-432 वर ट्रक असतात, तोही फक्त ओलांडायचा.

फोनवरच्या नकाशावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. त्याला बागेतली मातीची वाटही रस्ताच वाटते. बागांमधली जमीन बऱ्याच ठिकाणी नांगरून उघडी ठेवलेली असते, त्यामुळे पाऊस पडला की चिकणमाती वाहते. एकदा पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी अशा वाटेवर शिरले. शंभर मीटरमध्ये माती ब्रेकमध्ये आणि फोर्कमध्ये इतकी भरली की चाक फिरेना. दीड तास सायकल खांद्यावर घेऊन चालले. एका शेतकऱ्याने पाण्याचा पाइप दिला म्हणून सुटले.

वेळेचं गणित पुण्यापेक्षा उलटं आहे. आपण पहाटे पाचला निघून ऊन चढायच्या आत घरी येतो. तिथे एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सूर्य आठच्या आसपास उगवतो, आणि सकाळी लोक कामावर निघालेले असतात. रस्ता खरा रिकामा होतो तो दुपारी अडीच ते पाच, जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळी. त्या अडीच तासांत मी वीस-वीस किमी एकही गाडी न बघता गेले आहे. पण दुकानं तेव्हा बंद. म्हणून सव्वानऊला निघा, बाराच्या सुमाराला गावात थांबून बाटल्या आणि पोट भरून घ्या, आणि मुख्य घाट दुपारी करा. रविवारी तर किराणा बंदच असतो. गावातल्या सार्वजनिक नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

सायकल भाड्याने घेणार असाल तर सर्वात महत्त्वाचं: पुढचा ब्रेक तिथे डाव्या हाताला असतो. आपल्याकडे उजव्या. उतारावर घाबरून सवयीचा हात दाबला की भलतंच चाक अडकतं. पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत अर्धा तास सराव करा, किंवा दुकानदाराकडून केबली बदलून घ्या. वाहतूकही उजवीकडून, त्यामुळे डावीकडे वळताना आणि चौकातल्या गोलाला दोघांनी एकमेकांना मोठ्याने आठवण करून द्या. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. गाडीवाल्याने ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि माझ्या अनुभवात तो पाळतात. वहिनींना रस्त्याची जी भीती वाटते ती दुसऱ्या दिवशी निम्मी होईल. गिअर मात्र हलके घ्या, मागे 32 किंवा 34 दात्यांचं. घाट पाच-सात टक्क्यांचेच असतात, पण मुक्कामाच्या गावातली शेवटची गल्ली कधीकधी पंधरा टक्क्यांची निघते.

नाश्त्याला भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि तेलाची धार. प्रिएगो आणि बाएना दोन्हीकडच्या तेलांना स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. प्रिएगोकडे पिकुदो आणि ओखिब्लांका या जाती, खाएनकडे पिकुआल, जरा कडवट आणि घशाला झोंबणारी. घाण्याला तिथे ‘आल्मासारा’ म्हणतात, शब्द अरबी. तेलाला ‘आसेइते’, फळाला ‘आसेइतुना’. आपला ‘जैतून’ त्याच मुळाचा.

पोचायला, माद्रिदहून वेगवान गाडीने कोर्दोबा, सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. तिथून सुएरोस सत्तर-ऐंशी किमी, मोठी टॅक्सी आधी ठरवून ठेवा. वहिनींचा पंप दोन ठेवा, एक जर्सीच्या खिशात आणि एक तुमच्याकडे. तारखा ठरल्या की इथेच लिहा, त्या वर्षीचा ईस्टर बघून आठही दिवसांची मांडणी करून देते.