नवीन असिस्टंट प्रोफेसरला, जमल्यास आत्ताच वाच

अभिनंदन रे! ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, कॉम्प्युटर सायन्सची कायम पोस्ट मिळणं सोपं नाही. आता पीएचडीला रजिस्टर झाला नसशील तर आधी ते उरक, युजीसीच्या 2018 च्या नियमांत पहिल्या लेव्हलवरून वर जायला पीएचडी असली की 4 वर्षं, नुसती नेट-सेट असली तर 6, आणि पीएचडीशिवाय असोसिएट प्रोफेसर होताच येत नाही. आपल्या विषयात चांगलं काम कॉन्फरन्सलाच जातं, पण बढतीचे पॉइंट मोजताना वजन जर्नलला, म्हणून कॉन्फरन्सचा पेपर वाढवून जर्नलला पाठवायची सवय लाव, सर्टिफिकेटं त्याच दिवशी स्कॅन करून ठेव.

पुढे कधी एचओडी (विभागप्रमुख) झालास तर पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग सोडू नको, पोरं कुठे अडतात ते तिथेच कळतं. लॅबची खरेदी मार्चपर्यंत ढकलू नको, जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, बिड लावून माल हातात यायला वेळ लागतो आणि डेड स्टॉक रजिस्टरवर (विभागातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवर) सही तुझीच असणार. टाइमटेबल करताना चवथीची सुट्टी धरूनच प्रॅक्टिकल लाव. ज्युनियरना रिसर्चसाठी आठवड्यात एक दिवस मोकळा दे, कोणी कुरकुर केली तरी दे.